धागा: काचेवर आदळलेला पक्षी उचलायचा कसा, आणि ती काच झाकायची कशी (गोवा)

खाजनकाठ (धागा सुरू करणारा)

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात नवरंग उतरू लागतात, आणि त्याच दिवसांत "खिडकीखाली रंगीत पक्षी पडलाय, काय करू?" हा प्रश्न सगळीकडे फिरायला लागतो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तेच तिबोटी खंड्याच्या बाबतीत. उत्तरं तुकड्यातुकड्यांत येतात आणि त्यात पाणी पाजा, हळद लावा, हवेत उडवून बघा असले घातक सल्लेही मिसळलेले असतात. म्हणून सगळं एका जागी. पडलेल्या पक्ष्याचं मी लिहितो. काचेचं सुतारपक्षी यांनी लिहावं. पक्षी उचलणं म्हणजे मलमपट्टी, खरं काम काचेवरच करायचं असतं.

आधी कावळे आणि मांजर. आदळलेला पक्षी बहुधा गुंगीत बसून राहतो, डोळे अर्धवट मिटलेले, पिसं फुगवलेली. मांजराला किंवा कावळ्याला तेवढी संधी पुरते. "थोडा वेळ तिथेच राहू दे, उडेल" असं म्हणून लांब उभं राहू नका. सुती कापड घ्या, जुना पंचा किंवा बनियन चालेल. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत नखं अडकतात. कापड वरून डोक्यासकट टाका आणि दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असं ओंजळीत उचला. डोळ्यांपुढे अंधार झाला की पक्षी धडपड थांबवतो.

मुठीत आवळायचं नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. त्यामुळे छातीवर बोटं घट्ट बसली की नाकचोच मोकळी असूनही तो गुदमरतो. "हातातच गेला" असं लोक सांगतात, त्यात हेही एक कारण असू शकतं.

खोका पुठ्ठ्याचा. शिंजीर, शिंपी, फुलटोच्या यांना लहान मुलांच्या बुटांचा पुरतो. नवरंग, कस्तुर, पाचू कवडा यांना मोठ्या बुटांचा. शिक्रा किंवा घुबड असेल तर मिक्सरचा. पक्षी ठेवण्याआधीच बाजूंना पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, तीही आतून बाहेर, म्हणजे पुठ्ठ्याची टोकं आत राहत नाहीत. तळाला कापड, त्यावर साधा टिश्यू. मान किंवा तोल सांभाळता येत नसेल तर कापडाची चुंबळ करा, घागरीखाली ठेवतो तशीच पण लहान, आणि पक्षी तिच्यात टेकवून ठेवा. कुशीवर पडून राहिला तर त्याचा श्वास अवघड होतो. झाकण बंद. पिंजरा नको, तारांवर आपटून पिसं आणि चोच मोडते.

खोका शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंख्याचा वारा नको, एसी नको, शेजारी टीव्ही नको. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. उजेड दिसला की तो उसळी मारतो आणि पुन्हा आपटतो. साधारण अर्ध्या तासाने खोका बाहेर झाडीजवळ न्या, काचेकडे पाठ करून झाकण उघडा आणि चार पावलं मागे व्हा. सरळ, उंची घेत, फांदीवर जाऊन बसला तर ठीक. नाही गेला तर झाकण बंद, आणखी अर्ध्या तासाने परत. हे सगळं घराबाहेरच करायचं. घरात उघडला तर तो सरळ दुसऱ्या खिडकीवर जातो. दोन तासांत उडाला नाही तर पुढे वाट पाहू नका, दवाखान्यात न्या.

हवेत फेकून "उडतो का बघू" हा प्रकार बंदच व्हायला हवा. डोक्याला मार बसलेला पक्षी पंख उघडेल, पण तोल जाऊन दगडासारखा खाली येईल.

पंखतपासणी

खाजनकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर. दवाखान्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

"मान मोडली" हे निदान जवळपास नेहमी चुकीचं असतं. अमेरिकेतले पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम १९७० च्या दशकापासून याच विषयावर काम करत आहेत. त्यांनी तपासलेल्या मृत पक्ष्यांत मृत्यूचं मुख्य कारण कवटीतला रक्तस्राव हे होतं. पक्ष्यांची मान मुळातच फार लवचिक असते, म्हणून मेल्यावर ती लुळी लोंबते आणि मोडल्यासारखी वाटते. हे सांगण्याचं कारण असं की मेंदूतली सूज लगेच दिसत नाही, हळूहळू वाढते. पंधरा मिनिटांत उडालेला पक्षी दोन तासांनी कुठेतरी झुडपात कोसळू शकतो. ईशान्य अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांच्या नोंदींवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काचेवर आदळून केंद्रांत आलेल्या ३,००० हून अधिक पक्ष्यांपैकी सुमारे ६० टक्के वाचले नाहीत, आणि तेही उपचार मिळून. त्यामुळे खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी दोन तास थांबायचं नाही, लगेच निघायचं.

दोन बाहुल्या सारख्या आकाराच्या नाहीत. डोळ्यात रक्त उतरलंय किंवा एकच डोळा मिटलेला. डोकं एका बाजूला कललेलं, किंवा पक्षी गोल गोल फिरतोय. चोचीतून किंवा नाकपुडीतून रक्त. पाय मागे ताणलेले आणि बोटं आवळलेली, हे पाठीच्या कण्याचं लक्षण. मानेजवळ किंवा काखेत त्वचा फुग्यासारखी वर आलेली, म्हणजे आतली हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली साचली आहे. तो फुगा घरी सुईने फोडायचा नाही.

एक मोड मात्र वरवर बघून हमखास हुकते, आणि काचेच्या धडकेत तीच वारंवार होते. खांदा आणि छातीचं हाड यांच्यामध्ये आधाराच्या खांबासारखं एक आखूड हाड असतं. पक्षी नाकासमोर जाऊन आदळतो तेव्हा सगळा दाब त्यावर येतो. ते मोडलं तरी पंख लोंबत नाही, जेमतेम बोटभर खाली दिसतो किंवा दिसतही नाही. पक्षी सावध असतो, चोच मारतो, पळतो, झेपही घेतो. फक्त उंची गाठता येत नाही. झाकण उघडल्यावर जमिनीलगत तीनचार मीटर फडफडत जाऊन बसला तर "उडाला" असं धरू नका. त्याला परत पकडा आणि एक्स-रे काढा. वेळेत कळलं तर पंख अंगाशी बांधून आणि लहान जागेत विश्रांती देऊन दोनतीन आठवड्यांत हे हाड बऱ्याचदा जुळतं. सोडून दिला तर तो उपाशी मरतो.

घरी पट्टी बांधू नका, काड्यांचा आधार देऊ नका. खोबरेल, हळद, बाम यातलं काहीच नको. तेलाने पिसं चिकटली की ऊब धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जाते आणि उडणंही अशक्य होतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि जेल अजिबात नको. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं जवळपास संपवली, त्यामुळेच जनावरांसाठीचं ते औषध भारतात २००६ मध्ये बंद झालं. औषध कोणतं आणि किती ते पशुवैद्य वजन करून ठरवेल. शिंजीर दहा ग्रॅमच्या आसपास, तिबोटी खंड्या वीस ग्रॅमच्या आत. तिथे एक थेंब इकडेतिकडे म्हणजे सगळंच इकडेतिकडे.

बार्देशकार

दोन प्रश्न. चोचीत दोन थेंब पाणीसुद्धा नको? आणि जूनमध्ये भिजून गारठलेला पक्षी सापडतो, त्याला शेक द्यायचा की नाही? बहुतेक ठिकाणी गरम पाण्याची बाटली ठेवा असं लिहिलेलं असतं.

पंखतपासणी

पाणी नकोच. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी उघडी असते. गुंगीतल्या पक्ष्याला गिळण्याचं भान नसतं, तो थेंब सरळ फुप्फुसात जातो. दूध, ग्लुकोज, भिजवलेली पोळी, भात यांनाही हेच लागू. धडधाकट पक्षी दोन तास सहज काढतो. अपवाद शिंजीराचा, त्याच्या अंगात साठा फारच थोडा. त्यावर उपाय त्याला भरवणं हा नाही, त्याला लवकर पोहोचवणं हा आहे.

बाटलीचा सल्ला थंड देशांतून आलाय. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि एप्रिल-मे मध्ये बंद खोका आधीच तापलेला असतो, आणि डोक्याला मार असेल तर जादा उष्णतेने नुकसानच होतं. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर त्याला गरम होतंय, खोका गार जागी हलवा. पावसात चिंब भिजून थरथरणारा असेल तेवढ्यापुरतं करा: कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात, म्हणजे नको झालं तर पक्षी सरकू शकतो. चोळून पुसू नका, टिश्यू नुसता टेकवा. हेअर ड्रायर नको.

आणखी एक, नेतानाचं. खोका दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. खाली इंजिन, वर ऊन, आत हवा नाही. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरून.

बार्देशकार

समजलं. आणि संध्याकाळी सहानंतर सापडला तर?

खाजनकाठ

वर लिहिलेली खूण नसेल तर रात्रभर खोक्यातच, काही न देता, आणि पहाटे उजाडल्यावर बाहेर. अंधारात सोडलेला पक्षी पहिल्या दिसेल त्या दिव्याकडे जातो. सूर्यास्ताला दोन तास उरले नसतील तर तेव्हाही हेच. गव्हाणी घुबड असेल तर उलट, संध्याकाळी.

जागा पक्ष्याप्रमाणे. नवरंग जमिनीवर पालापाचोळ्यात वावरतो, त्याला गच्चीवर नेऊन सोडायचं नाही. कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला, झुडपाखाली, खोका आडवा करून. तिबोटी खंड्या सावलीतल्या ओहोळाजवळ. तांबट, बुलबुल झाडाजवळ. आधी वर बघून घ्या, घार किंवा कावळ्यांचा थवा असेल तर थोडं थांबा.

वनपायवाट

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानातला पक्षी घरी ठेवता येत नाही, जखमी आहे म्हणूनही नाही. कलम ३९ नुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता आहे. तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. दोन तास खोक्यात ठेवून सोडणं आणि "बरा होईपर्यंत सांभाळू" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दवाखान्यात नेतानाच वनखात्याच्या रेंज कार्यालयाला फोन करून ठेवा. कुठे, किती वाजता, कोणत्या काचेखाली सापडला, एवढं कागदावर लिहून खोक्याला चिकटवा. उपचार करणाऱ्याला ते लागतं, आणि बरा झाला की त्याच परिसरात सोडायलाही लागतं. आपल्या भागातल्या कोणत्या दवाखान्यात पक्षी हाताळतात आणि कुठे एक्स-रे निघतो, ते आज फोन करून विचारून ठेवा. रविवारी सकाळी पक्षी हातात घेऊन शोधू नये.

आणि हे महत्त्वाचं: काच जवळपास नसताना, एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. तो बर्ड फ्लूचा संशय धरायचा, आणि पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. एरवीही हातमोजे घाला, नाहीतर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, आणि नंतर साबणाने हात धुवा.

सुतारपक्षी

आता काच.

पक्षी काच बघत नाही, काचेत जे दिसतं ते बघतो. दोन प्रकार. पहिला प्रतिबिंबाचा: बाहेरून काचेत माड, आंबा, आभाळ दिसतं आणि तो त्या आंब्याकडे जातो. दुसरा आरपारचा: पुढचं दार आणि मागची खिडकी सरळ रेषेत, किंवा कोपऱ्यात दोन काचा जोडलेल्या, आणि पलीकडचं कुळागर दिसतं. कोणता प्रकार आहे ते कळायला सकाळी सात ते दहाच्या वेळेत बाहेर, झाडाजवळ, पक्षी बसतो तिथून काचेकडे बघा. घरात उभं राहून काहीच कळत नाही. काचेवर कधी पंख पसरलेला धुरकट ठसा दिसतो, छाती आणि पिसंन् पिसं उमटलेली. पारव्या-कवड्यांच्या अंगावरच्या पावडरीने तो उमटतो. पुसण्याआधी तिथे पेनने खूण करा, त्या काचेपासून काम सुरू करायचं.

आरपारवर इलाज सोपा, दोन बाजूंपैकी एकीकडचा पडदा बंद. प्रतिबिंबावर मात्र आतून केलेल्या कशाचाच भरवसा धरता येत नाही. पडदा, आतून लावलेली जाळी, आतून चिकटवलेलं स्टिकर, सगळं प्रतिबिंबाच्या मागे लपतं. आत गडद पडदा असेल तर काच आणखीच आरशासारखी होते. खूण काचेच्या बाहेरच्या अंगाला हवी.

खुणा किती जवळ? हाताची बोटं जुळवून तळवा काचेवर ठेवा. तळहाताएवढी मोकळी जागा दिसली की लहान पक्षी तिथून जायला बघतो. जुना नियम उभ्या पट्ट्यांमध्ये १० सेंमी आणि आडव्यांमध्ये ५ सेंमी असा आहे. आपल्याकडे शिंजीर, शिंपी, फुलटोच्या असले बोटभर पक्षी आहेत, म्हणून सगळीकडे ५ सेंमीच धरा. ठिपका किमान ६ मिमीचा, मी ८ सांगतो. पूर्ण काचेवर, कडेपर्यंत. मधेच चारपाच फुलपाखरं चिकटवली तर पक्षी त्यांच्या बाजूने जातो. ससाण्याच्या काळ्या आकृतीचंही तेच. तिला घाबरून कुणी थांबत नाही, तिला टाळून शेजारी आदळतात.

हिशेब १२० × १५० सेंमीच्या खिडकीचा. ५ सेंमीच्या चौकटीत २४ गुणिले ३०, म्हणजे ७२० ठिपके. ऐकायला भयंकर वाटतं, पण ८ मिमीच्या ठिपक्यांनी काचेचा जेमतेम २ टक्के भाग झाकला जातो, आतून चार दिवसांत नजरेला सवय होते. एकेक ठिपका हाताने लावत बसू नका. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही नंबरप्लेटची रेडियमची दुकानं आहेत. त्यांच्याकडच्या यंत्रावर व्हायनलमध्ये ठिपके कापून, वर ट्रान्स्फर टेप लावून पट्टे मिळतात. बाहेरच्या वापराचं व्हायनल मागा. रंग काचेत काय दिसतं त्यावर: झाडांची गडद सावली दिसत असेल तर पांढरा, आभाळ दिसत असेल तर काळा. दोन्ही दिसत असेल तर एकाआड एक ओळ.

लावायची वेळ नोव्हेंबर ते एप्रिल. काच आधी गोड्या पाण्याने धुवा, किनारपट्टीला मिठाचा थर असतो आणि त्यावर काही चिकटत नाही. मग स्पिरिट. ऊन काचेवर नसताना, सकाळी. रबराच्या पट्टीपासून ३ मिमी मोकळे सोडा. तिथे पाणी साचतं आणि कड उचलली की पहिल्या पावसातच सोलपटं निघतात.

स्वस्तातलं: दोऱ्या. ३ मिमीची विणलेली नायलॉनची दोरी, वरच्या पाइपातून सोडायची. विजेच्या वायरिंगचा २० मिमी पीव्हीसी पाइप, त्याला दर ५ सेंमीवर ४ मिमीची आरपार भोकं, दोरी ओवून वर गाठ. वरच्या खिडकीला २४ दोऱ्या, प्रत्येकी १६० सेंमी, म्हणजे ४० मीटरची एक गुंडी पुरते. पाइप काचेपासून ५ सेंमी पुढे. थंड देशांत खालची टोकं मोकळी सोडतात, वाऱ्यावर हलतात ते बरंच. आपल्याकडे जूनच्या वाऱ्यात मोकळ्या दोऱ्यांचा आठवड्यात गुंता होऊन बसतो आणि मधे दोन हात काच उघडी पडते. म्हणून खालीही तसाच पाइप, पण भिंतीला न ठोकता दोऱ्यांवरच लोंबणारा. सुतळी नको, एका पावसाळ्यात कुजते. मासेमारीची जाळी तर अजिबात नको, तिच्यात पक्षी अडकून मरतात.

मच्छरांची जाळी बाहेरच्या बाजूने असेल तर आणखी काही करू नका. ती प्रतिबिंबही मारते आणि धडकही झेलते. सरकत्या खिडकीत जाळीचा पल्ला आतल्या रुळावर असेल तर फॅब्रिकेटरकडून बाहेरच्या रुळावर घ्या. हे काम नवीन खिडकी बसवतानाच सांगितलं तर फुकट होतं.

सत्तरीपार

सनकंट्रोल फिल्म लावली तर? आतलं ऊनही कमी होतं.

सुतारपक्षी

नको. ती बाहेरून आरसा आहे, धडका वाढतील. ऊन कमी करायचं असेल तर बाहेरून बांबूची चिक, किंवा पावसाळ्यात बांधतो ते चुडतांचे झाप. काच बाहेरूनच झाकली गेली की दोन्ही कामं झाली.

शिंपलेखिडकी

सुतारपक्षी बाब, यात आपल्या जुन्या घरांचं नाव यायला हवं. काच महाग होती तेव्हा इथे खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं बसवायचे. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले तळहाताहून लहान, चपटे, दुधी शिंपले. उजेड आत येतो, चेहरा दिसत नाही. पक्ष्याच्या नजरेने बघा: पृष्ठभाग मंद, त्यात झाड उमटत नाही, आरपार काही दिसत नाही, आणि बोटादोन बोटांवर लाकडाची पट्टी. ५ सेंमीचा नियम आज सांगतो तो त्या खिडकीत आपसूक पाळला गेलाय. तीच घरं विकत घेऊन शिंपले काढतात आणि अख्ख्या भिंतीची एकसंध काच बसवतात, तीही बागेकडे तोंड करून. हे बघून फार वाईट वाटतं. ज्यांच्याकडे अजून अशी खिडकी आहे त्यांनी ती दुरुस्त करून ठेवावी.

नवीन बांधणाऱ्यांनी आर्किटेक्टला पहिल्या बैठकीतच सांगा: जिन्याच्या उंच काचेऐवजी चिऱ्याची किंवा मातीची जाळी, काचेपुढे लाकडी पट्ट्या, आणि धुरकट काच घेतली तर तिचं धुरकट अंग बाहेर. सवयीने ते आत बसवतात, पुसायला सोपं म्हणून, आणि बाहेरचं अंग चकचकीतच राहतं.

बार्देशकार

गच्चीच्या आणि पोहण्याच्या तलावाच्या काचेच्या कठड्यांचं काय? डोंगरउतारावरच्या नव्या बंगल्यांत आणि होमस्टेत तेच असतात. मालक म्हणतात दृश्य बिघडेल.

सुतारपक्षी

तो सगळ्यांत वाईट प्रकार, कारण दोन्ही बाजूंना मोकळी हवा आणि पक्षी पूर्ण वेगात. दोन्ही अंगांना खुणा लागतात. मालकाला पैसे खर्चायच्या आधी पटवायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पांढऱ्या पोस्टर कलरने किंवा कोरड्या साबणाच्या वडीने ५ सेंमीवर उभ्या रेघा मारून द्या, बोटाएवढ्या जाड. पुसता येतात. महिनाभर कठड्याखाली किती पक्षी सापडतात ते मोजा, मग रेडियमवाल्याकडे जा. मोजताना रोज उजाडताच बघा, नंतर झाडणारे उचलतात किंवा मुंगूस नेतं.

पाहुण्यांसाठी दाण्याची ताटली किंवा पाण्याचं भांडं ठेवत असाल तर काचेपासून १ मीटरच्या आत, नाहीतर १० मीटरच्या पलीकडे. १ मीटरमध्ये वेग धरायला जागाच मिळत नाही. मधलं अंतर घातक. सिंगापूर चेरी किंवा जास्वंद त्या मधल्या पट्ट्यात असेल तर झाड तोडू नका, त्या समोरची काच आधी करा. काचेच्या आत ठेवलेल्या कुंड्या मात्र दोन हात मागे सरकवा.

वनपायवाट

हॉटेलवाल्यांशी बोलताना हे उदाहरण वापरा. शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस हे प्रदर्शन केंद्र. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत तिथल्या काचांवर आदळून जवळपास १,००० स्थलांतरी पक्षी मेले. २०२४ मध्ये काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्या मोसमात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. तीच इमारत, तेच शेजारचं तळं, फरक फक्त ठिपक्यांचा. न्यूयॉर्क शहराने २०२० साली कायदाच केला: नव्या इमारतीचा खालचा ७५ फूट भाग पक्ष्यांना दिसेल असाच असला पाहिजे. नुसत्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ च्या अभ्यासाचा अंदाज आहे.

आपल्याकडे दिव्यांचाही भाग मोठा. नवरंग रात्री प्रवास करतो. ढग खाली उतरलेले आणि बारीक पाऊस असेल तेव्हा उजळलेल्या इमारतीकडे असे पक्षी ओढले जातात, पहाटे थकून तिथेच उतरतात आणि सकाळी काचेत झाड बघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जून या चार महिन्यांत रात्री ११ ते पहाटे ६ शोभेचे दिवे बंद, जिन्याचे दिवे खाली तोंड करून आणि पिवळसर. हॉटेलचं वीजबिलही उतरतं, त्यामुळे ही मागणी सहज मान्य होते. पंचायतीत बांधकाम परवान्याचे विषय येतात तेव्हाही हे मांडता येईल.

सत्तरीपार

दयाळ रोज सकाळी त्याच खिडकीवर येऊन टोचा मारतो, तासन्‌तास. तो जखमी होईल का?

खाजनकाठ

ते वेगळं प्रकरण. विणीच्या काळात नर स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून भांडतो. शिंजीर आणि धोबीही करतात, स्कूटरच्या आरशावर तर नेहमीच. मरत सहसा नाही, पण थकतो, आणि पिल्लांना भरवायचं राहून जातं. तो बसतो त्या उंचीपर्यंतची काच बाहेरून साबणाने धुरकट करा किंवा वर्तमानपत्र चिकटवा, आठदहा दिवस. आरशावर जुना मोजा चढवा. हुसकावू नका, पाच मिनिटांत परत येतो.

बार्देशकार

शेवटचं. पावसाळ्यानंतर ठिपक्यांखाली काळी बुरशी धरते. सगळं सोलून परत लावायचं का?

सुतारपक्षी

काळं फक्त कडेला असेल तर राहू द्या, पक्ष्याला त्याने फरक पडत नाही, उलट ठिपका जास्त उठून दिसतो. बोट फिरवल्यावर कड उचलत असेल तेवढेच ठिपके बदला. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नवरंग यायच्या आत, मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने काच पुसायची. ब्लेड आणि अमोनियाचा स्प्रे दोन्ही नको, गोंद सुटतो. निघालेले ठिपके मोजून ठेवा, रेडियमवाला तेवढाच पट्टा कापून देतो. दोऱ्यांच्या वरच्या गाठी त्याच वेळी एकदा ओढून बघा. पीव्हीसीच्या भोकाची कड दोरी कापते, म्हणून भोक पाडल्यावर आतून पॉलिश पेपर फिरवायला विसरू नका.